हाकेला ओ

"मामा, उजवीकडे ढकला, उजवीकडे," तुषार काठावरून ओरडला.

"उजवीकडं ढकलून बोट डावीकडं जाणार होय? काहीतरीच काय सांगतोस," मामा म्हणाले आणि त्यांनी सुकाणू डावीकडेच ढकललं. बोट आज्ञाधारकपणे उजवीकडे वळली आणि काठावरच्या विलोच्या झाडात तोंड खुपसून उभी राहिली.

मी आत कणीक मळत होते. क्रिकेटच्या बॅटी ज्याच्या करतात त्या झाडाची एक फांदी खिडकीतून सरळ आत आली आणि परातीत चार पानं टाकून गेली. मी पानं वेचून काढली आणि मागच्या दारातून डोकं बाहेर काढलं. मामा फांद्यांमध्ये उभे होते. केसांत पानं, हातात सुकाणू, आणि चेहऱ्यावर आपण मुद्दामच इथे थांबलो आहोत असा भाव.

"सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात काढली," ते मला म्हणाले. "पाणी मला नवीन नाही."

"पाणी नाही, पण झाड असेल," मी म्हटलं.

त्यावर ते हसले. काठावर तुषारही हसत होता, आणि त्याच्या शेजारी माझी लेक ऋजुता पोट धरून खाली बसली होती. मला फार बरं वाटलं. ऋजुता अशी हसलेली मी कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तुषार माझा जावई. तो आणि ऋजुता तेव्हा इंग्लंडला होते, लंडनपासून तास-दीड तासावर. त्यांनी उन्हाळ्यात आठवडाभरासाठी ही नॅरोबोट भाड्यानं घेतली होती. नॅरोबोट म्हणजे मिरजेतला एखादा बोळ उचलून पाण्यात सोडावा अशी वस्तू. रुंदी एवढीच की दोन माणसांना एकमेकांना ओलांडायचं तर दोघांनीही पोट आत घ्यावं, आणि लांबी मात्र संपता संपत नाही. पुढे उघड्यावर बसायला दोन बाकं, मग झोपायची जागा, मग स्वयंपाकघर, मग पुन्हा झोपायची जागा, आणि अगदी शेवटी, बाहेर, सुकाणू धरणारा माणूस. वेग असा की काठानं कुत्रं फिरवणारी एखादी म्हातारी मागून येई, 'मॉर्निंग' म्हणे आणि पुढे निघून जाई.

नदीचं नाव वे. लहानशी, आपल्या नद्यांपुढे ओढाच म्हणायचा, पण वर्षभर काठोकाठ भरलेली. दोन्ही बाजूंना हिरवी कुरणं, त्यात गुडघाभर गवतात उभ्या असलेल्या गायी, आणि त्या गायींना कुठेही जायची घाई नाही. आम्हालाही नव्हती. सकाळी उठावं, चहा करावा, बोट सोडावी, दुपारी कुठेतरी खुंटीला बांधावी, जेवावं, पुन्हा सोडावी. मी बोटीत पोळ्या केल्या, भरली वांगी केली, एकदा थालीपीठंही लावली. खिडकीखाली हंस येऊन चोचीनं काचेवर टकटक करत. त्यांना पोळीचा तुकडा दिला तर मान वाकडी करून बघत, आणि मग खात.

मामा म्हणजे यशवंत पाटणकर, तुषारच्या आईचे धाकटे भाऊ. तुषारची आई तो कॉलेजात असतानाच गेली. तेव्हापासून मामांनीच त्याचं सगळं केलं. त्यांची पत्नीही जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. ते सांगलीला राहत, मी मिरजेला. यजमान गेल्यावरही मी तिथेच राहिले होते, शिवणाचा क्लास चालवत होते. सांगली आणि मिरज म्हणजे एकाच कापडाचे दोन तुकडे. त्यामुळे व्याही म्हणून सुरू झालेलं येणंजाणं तसंच चालू राहिलं. मामा स्कूटरवर पिशवी अडकवून यायचे. "प्रमिलाताई, कृष्णाकाठची वांगी आणलीत," म्हणून पिशवी ओट्यावर ठेवायचे, गळणारा नळ दिसला तर न सांगता वायसर बदलायचे, चहा घ्यायचे आणि जायचे. मुलांनी आम्हा दोघांची तिकिटं एकत्र काढली होती, सोबत होईल म्हणून. सोबत झाली.

झाडाच्या त्या प्रकरणानंतर संध्याकाळी बोट एका कुरणाशी बांधली. तिकडे उन्हाळ्यात संध्याकाळ काही केल्या संपत नाही. तुषार आणि ऋजुता गावात दूध आणायला गेले होते. मामा भांडी घासत होते आणि मी पुसत होते.

"एक विचारायचं होतं," ते बशीकडे बघत म्हणाले.

"विचारा की."

"मी तुम्हाला ताई म्हणायचं बंद केलंय. लक्षात आलं का?"

लक्षात न यायला काय झालं? विमानात बसल्यापासून आलं होतं. 'प्रमिलाताई, चहा घेणार का'चं नुसतं 'चहा घेणार का' झालं होतं. पुढे कधी 'तुम्ही', कधी 'ऐकलंत का', कधी तर नुसतं खाकरणं. ताई गळून पडली होती आणि तिच्या जागी दुसरं काही आलं नव्हतं. मला वाटलं होतं, प्रवासाच्या गडबडीत होत असेल. म्हणजे, असं वाटून घेतलं होतं.

"आलं," मी म्हटलं.

"मग?"

"मग काय?"

"मग तेच," ते म्हणाले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. सहा फुटी माणूस, केस पांढरे, हाताला साबणाचा फेस. "मला फार बोलायला जमत नाही. आमच्या खात्यात सगळं लेखी असायचं."

मला हसू आलं. आणि आनंद झाला, खोटं कशाला बोलू? त्या वयात बाईला कुणी असं काही विचारेल ही कल्पनाच मी सोडून दिली होती. हातातली बशी मी इतका वेळ पुसली की तिच्यावरचं फूल निघून येईल असं वाटलं.

"विचार करायला वेळ द्या," मी म्हटलं.

"द्यायलाच पाहिजे. बोट परत करायच्या आत सांगितलंत तरी चालेल." मग जरा थांबून म्हणाले, "आणि नाही म्हणालात, तरी वांगी बंद होणार नाहीत. ते मनात ठेवू नका."

त्यानंतरचे दिवस माझे मोठे सुखाचे गेले, हे सांगायला हवं. मी पुढच्या बाकावर बसून मटार सोलत असे आणि मागे, बोळाच्या दुसऱ्या टोकाला, मामा सुकाणू धरून उभे असत. आता त्यांना ते उलटं गणित जमलं होतं. मधूनच ते कुणाशी तरी, बहुधा बदकांशी, मराठीत बोलल्याचं ऐकू येई. मी मनातल्या मनात हो म्हणून बघे. मग नाही म्हणून बघे. हो म्हटल्यावर बरं वाटे.

पण मध्ये ऋजुता होती.

ती लहानपणापासून बापाची. हे गेले तेव्हा ती तिकडे इंग्लंडला होती. पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं, आणि ते तिच्या मनातून जात नव्हतं. बोटीवर रोज काही ना काही दिसलं की ती म्हणे, "बाबांना हे किती आवडलं असतं." हंसाची पिल्लं दिसली की म्हणे, पाणचक्की दिसली की म्हणे. एका दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली आणि मटाराच्या शेंगा सोलायला लागली.

"आई, बाबांची खुर्ची तशीच आहे ना गं? खिडकीजवळची?"

"तशीच आहे."

"हलवू नकोस हं कधी."

"नाही हलवत."

"मी फोन करते ना तुला रविवारी, तेव्हा डोळे मिटून सगळं घर आठवते. खुर्ची, तिच्यावरची ती मळकी उशी. काही बदललं तर मला कळणारच नाही मी कुणाशी बोलतेय."

तिनं सोललेले दाणे माझ्या भांड्यात टाकले आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. तिथेच माझा निर्णय झाला. जी पोर खुर्ची हलवू देत नाही, ती खुर्चीत दुसऱ्या माणसाला कशी बसू देईल? मला लेक एकच होती, आणि तीही साता समुद्रांपलीकडे. जे काही धागे होते ते रविवारच्या फोनचेच होते. ते मी माझ्या हातानं तोडणार नव्हते.

शेवटच्या दिवशी सकाळी मी चहा केला आणि कप घेऊन मागे गेले. ऋजुता आणि तुषार काठानं चालत पुढच्या लॉककडे निघाले होते. लॉक म्हणजे नदीतली पायरी. पाण्याला उतार असतो तिथे दोन दारांमधलं पाणी भरायचं किंवा सोडायचं आणि बोट वर किंवा खाली घ्यायची. ती दारं हातानं उघडायची असतात, त्याचं लोखंडी हँडल आपणच बरोबर न्यायचं. हे काम ऋजुतानं पहिल्या दिवसापासून आपल्याकडे घेतलं होतं.

"उत्तर आणलंय," मी मामांना म्हटलं.

त्यांनी इंजिनाचा वेग कमी केला. कप हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"बोला."

"नाही जमायचं. ऋजुताला सोसणार नाही."

"तिला विचारलंत?"

"विचारायला कशाला पाहिजे? आई आहे मी तिची."

त्यांनी सुकाणू जरासं सरळ केलं. "आणि तुमचं स्वतःचं?"

"माझं काय त्यात."

"बरं," ते म्हणाले. चहाचा एक घोट घेतला. "चहा चांगला झालाय." मग दुसरा घोट घेतला. "मग पुन्हा ताई म्हणायला लागू?"

"लागा," मी म्हटलं.

"जमेल हळूहळू."

मी वळले आणि आत गेले. सगळी बोट ओलांडून पुढच्या बाकावर जाऊन बसले. सकाळ अशी सुरेख होती की रागच यावा. पाण्यावर ऊन, कुरणात गायी, कुठेतरी चर्चची घंटा. मी स्वतःला सांगितलं, बरोबर केलंस. दोनतीनदा सांगितलं. पुढे वळण आलं, आणि वळणापलीकडे पूल.

या पुलाबद्दल तुषारनं आदल्या संध्याकाळीच सगळ्यांना बजावलं होतं. जुना, बुटका पूल. सुकाणू धरणाऱ्यानं पार कमरेत वाकायचं, नाहीतर कपाळमोक्ष. मी बसलेली होते, तरी कमानीचा दगड डोक्यावरून सरकायला लागला तशी माझी मान आपोआप खाली गेली. आणि मग लक्षात आलं, सहा फुटांचा माणूस मागे उभा आहे.

मी वळून पाहिलं. बोटीची सगळी दारं उघडी होती. त्या लांबलचक बोळातून अगदी शेवटी मामा दिसत होते, छातीपर्यंतच. वरचं डोकं दाराच्या चौकटीबाहेर होतं. पण खांद्यांवरून कळत होतं की ते पुढे बघत नाहीत. मागे, आम्ही सोडून आलेल्या पाण्याकडे वळून उभे आहेत, आणि पूल त्यांच्याकडे चालला आहे.

"अहो!"

आता मामांना सगळेच मामा म्हणत. तुषार म्हणे, ऋजुता म्हणे, मीही इतकी वर्षं तेच म्हणत आले होते. तोंडात बसलेला शब्द तो. तो यायला काहीच हरकत नव्हती. आणि तसं 'अहो' आपण कुणालाही म्हणतो. अहो रिक्षावाले, अहो पोस्टमन, अहो जरा सरकता का. पण ते अहो वेगळं आणि हे वेगळं, हे कुठल्याही मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पुढे नाव नाही, मागे काही नाही, शेवटचा हो लांबवलेला. स्वयंपाकघरातून ओसरीपर्यंत पोहोचावा असा. आमच्या वेळी नवऱ्याला नाव नसे. हेच त्याचं नाव. हे गेल्यापासून ते माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं, आणि आता ते कमानीच्या दगडावर आपटून दुप्पट मोठं होऊन सगळ्या नदीवर गेलं.

मागे दाराच्या चौकटीत मामांचं तोंड वरून खाली आलं. ते पूल बघून वाकले नव्हते. पूल त्यांनी पाहिलाच नव्हता. मी कशाला हाक मारली ते विचारायला ते वाकले, आणि तेवढ्यात पुलाचा दगड त्यांच्या पाठीवरून सरकत गेला.

"ओ," ते म्हणाले.

काय झालं, नाही. मला हाक मारलीत का, नाही. नुसतं 'ओ'. आपल्यालाच हाक आहे याची खात्री असलेल्या माणसानं द्यावी तशी ओ. मग अंधारात त्यांना वर दगड दिसला असावा, कारण ते आणखी खाली बसले.

बोट पुलापलीकडे उन्हात आली. तिथे काठाला दुसरी एक नॅरोबोट बांधलेली होती. तिच्या टपावर चहाचा मग घेऊन बसलेल्या एका दाढीवाल्या गोऱ्या माणसानं मग उंच धरला आणि मला खणखणीत उत्तर दिलं, "अहॉय!" त्याच्या बायकोनंही खिडकीतून हात हलवला, "अहॉय!" मी गोंधळून हात हलवला.

काठावर तुषार हसत होता. "आई, तुम्ही तर खलाशीच झालात. इथे बोटीवरून बोटीला अशीच हाक मारतात."

ऋजुता हसत नव्हती. ती हँडल हातात घेऊन वाटेत उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. मी नजर दुसरीकडे वळवली.

लॉक जवळच होतं. बोट आत घेतली, दारं लागली, पाणी उतरायला लागलं आणि आम्ही सावकाश खाली जायला लागलो. मी पुढे, मामा मागे, आणि मध्ये सगळी बोट. वर काठावर ऋजुता हँडल फिरवत होती. एरवी प्रत्येक लॉकला ती काहीतरी बोलत असे, दोर नीट धरा, पुढे घ्या, मागे घ्या. आज एक अक्षर नाही. भिंतींची ओली शेवाळलेली बाजू वर वर जात होती आणि ऋजुता लहान लहान होत होती. मामांना नाही म्हणून जे वाचवलं होतं, ते मी एका शब्दात घालवलं होतं.

खालचं दार उघडल्यावर बोट बाहेर निघाली आणि ऋजुता काठावरून पुढच्या बाजूला चढली. माझा हात धरून तिनं मला आत स्वयंपाकघरात नेलं आणि मागची दारं लावून घेतली.

"कुणाला हाक मारलीस?"

"मामांना. पूल आला होता ना, ते मागे बघत होते."

"तू अहो म्हणालीस."

"घाईत निघालं तोंडातून. जीव वाचणं महत्त्वाचं की—"

"आई."

तिचे डोळे भरून आले होते. मी हात धरायला गेले तर तिनंच माझे दोन्ही हात धरले.

"ऋजू, तुला वाटतं तसं काही नाही. मी त्यांना नाही म्हणून सांगितलंय. आज सकाळीच सांगितलं."

"काय नाही म्हणून सांगितलंस?"

घ्या. तिला काही ठाऊकच नव्हतं, आणि मी सगळं सांगून मोकळी झाले होते. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मग मी सांगितलं. भांडी घासता घासता काय झालं ते, आणि खुर्चीचं बोलणं ऐकून काय ठरवलं ते. ती ऐकत राहिली. एकदा मध्येच, मामांच्या लेखी खात्याचं सांगितलं तेव्हा, रडता रडता हसली.

"तुला वाईट वाटलं ना, ती हाक ऐकून?" मी विचारलं. "बाबांची आठवण आली?"

"वळून बघितलं ना मी, तेव्हा एक क्षण वाटलं, आली."

"बाबा आले असं वाटलं?"

"नाही गं. तू आलीस असं वाटलं." तिनं बाहीनं नाक पुसलं. लहानपणी पुसायची तसंच. "बाबा गेल्यापासून तू कुणाला मोठ्यानं हाकच मारली नाहीस. फोनवरसुद्धा कसं हळू, नीट बोलतेस. बरी आहेस ना, जेवलीस ना. मला वाटायचं, बाबा तर गेलेच, आणि आई कुठे गेली? खुर्ची हलवू नको म्हणत होते ते म्हणून. दुसरं काही उरलंच नव्हतं गं घरात."

मी तिला जवळ घेतलं. तिथे दोघींना धड उभं राहायलाही जागा नव्हती. गॅसच्या शेगडीला माझी पाठ टेकली होती, बाहेर इंजिन आपलं टकटक करत होतं. आम्ही दोघी मनसोक्त रडलो. ते रडणं चांगलं होतं.

मग तिनं मला बाजूला केलं, माझा पदर सारखा केला आणि मागच्या दाराकडे वळवलं.

"जा, सांग."

"काय सांगू?"

"मला काय विचारतेस? इतकी वर्षं बाबांना काय सांगायचं ते मला विचारत होतीस का?"

मी बोटीच्या मागच्या भागात गेले. दाराच्या फटीतून दिसत होतं, मामा सुकाणू धरून ताठ उभे होते. या वेळी मान अगदी सरळ पुढे, शाळेतल्या मुलासारखी. कुरणं हळूहळू मागे जात होती. पुढे नदी लांबपर्यंत मोकळी होती.

मी दार उघडलं आणि त्यांना पुन्हा त्याच शब्दानं हाक मारली. आता कुठेही पूल नव्हता.